कडाकरप्याची सुई

ज्या वर्षी शिनोलीच्या खाचरांत कडाकरपा उतरतो, त्या वर्षी भाताच्या पानात, शिरांच्या पोकळीत, एक सुई कामाला लागलेली असते. ती प्रथिनांची बनलेली आहे. तिच्या आतले भोक जेमतेम दोन नॅनोमीटरचे, म्हणजे एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यातले दोन. जिवाणूच्या अंगातून ती बाहेर निघते, भाताच्या पेशीची भिंत ओलांडते आणि जिवाणूने तयार केलेला माल पेशीच्या आत नेऊन सोडते. शास्त्राच्या पुस्तकात तिला तिसऱ्या प्रकारची स्रावयंत्रणा म्हणतात. मी तिला सुईच म्हणणार आहे. कडाकरपा म्हटला की आपण पान बघतो, आभाळ बघतो, पंप पाठीवर घेतो. जिच्यामुळे हे सगळे घडले तिची मात्र साधी ओळखही आपल्याला नसते, आणि ती असायला हवी असे मला मनापासून वाटते.

शिनोली घोडेगावच्या पुढे, भीमाशंकरच्या रस्त्यावर, डिंभे धरणाच्या अलीकडे आहे. घोड नदीचे खोरे इथून पूर्वेला मंचरकडे उतरते तिकडे कांदा, बटाटा, ऊस; पश्चिमेला सरकावे तसा पाऊस वाढत जातो आणि डोंगराच्या पोटाला भाताची खाचरे लागतात. उन्हाळ्यात राब भाजायचा, मृगावर रोप टाकायचे, आषाढात चिखलणी आणि आवणी, भाद्रपदात पीक पोटरीला येते. कडाकरपा येतो तो आवणीनंतरच्या या दमट, ढगाळ दिवसांत, बहुतेक वेळा वारा-पावसाचा एखादा जोरदार फटका बसून गेल्यावर. पानाच्या शेंड्याजवळ, कडेला, ओलसर हिरवी रेघ दिसू लागते. ती पिवळी होते, मग वाळल्या पेंढ्याच्या रंगाची होते आणि पानाच्या कडेकडेने खाली उतरू लागते. तिची आतली बाजू कधी सरळ नसते, नागमोडी असते. नुसता करपा म्हणतात तो बुरशीचा. त्याचे ठिपके डोळ्याच्या आकाराचे आणि मधे राखाडी असतात. हे दोन रोग एकच समजून बुरशीनाशक मारले, तर खर्च होतो आणि कडाकरपा जिथल्या तिथे राहतो.

ओळख पटवायला प्रयोगशाळा लागत नाही. पानाचा पिवळा भाग संपून हिरवा सुरू होतो तिथला बोटभर तुकडा धारदार पात्याने कापायचा. काचेच्या पेल्यात स्वच्छ पाणी घ्यायचे, कापलेले टोक त्यात बुडेल असा तुकडा उभा धरायचा आणि पेला उजेडाकडे करायचा. थोडा धीर धरला की कापलेल्या टोकातून दुधट रंगाची बारीक धार पाण्यात खाली सरकू लागते. ती धार म्हणजे जिवाणू. एका लहानशा शिरेतून एवढ्या संख्येने बाहेर येणारे की त्यांची रेघ नुसत्या डोळ्यांनी दिसावी. पालाश कमी पडून किंवा उन्हाने वाळलेल्या पानातून असे काही येत नाही. सकाळी लवकर खाचरात गेले तर हीच गोष्ट पानावरही दिसते. रोगट कडेवर दुधट, पिवळसर थेंब बसलेले असतात. ऊन चढले की ते सुकून पिवळे कण होतात, पाण्यात पडतात आणि बांधाला पाडलेल्या तोंडातून खालच्या खाचरात जातात.

या जिवाणूचे नाव झँथोमोनास ओरायझी. जपानच्या फुकुओका भागातल्या शेतकऱ्यांनी हा रोग १८८४ साली पहिल्यांदा हेरला, आणि बराच काळ आम्लधर्मी मातीला त्याचा दोष दिला गेला. पानावरच्या गढूळ दवात जिवाणू आहेत हे पुढच्या शतकात कळले. भारतातली त्याची पहिली नोंद आपल्या अगदी शेजारची आहे. भीमाशंकरच्या कड्यावर उभे राहिले की खाली कर्जत तालुका पसरलेला दिसतो. त्याच्या दक्षिणेला खोपोली. १९५१ साली तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात, त्या खोपोलीच्या भागात, भातावर हा रोग दिसला. १९५९ मध्ये श्रीनिवासन, तिरुमलाचार आणि पटेल या तिघांनी ‘करंट सायन्स’मध्ये त्याचे वर्णन छापले. एम. के. पटेल यांनी पुण्याच्या कृषी महाविद्यालयात वनस्पतींवरच्या जिवाणूंचा अभ्यास उभा केला होता; तिरुमलाचार यांचे नाव पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सशी जोडलेले आहे. १९६३ मध्ये बिहारात साथ आली तेव्हा देशभर या रोगाची चर्चा झाली. त्याआधीच घाटाच्या पायथ्याशी तो ओळखला गेला होता आणि त्यात पुण्याच्या माणसांचा हात होता, ही गोष्ट आपल्याकडे पुरेशी सांगितली जात नाही.

त्या तिघांना जिवाणू दिसला. सुई दिसायला आणखी चार दशके जायची होती.

सुईची गरजच का पडावी, हे जिवाणूच्या अंगरख्यावरून कळते. डेन्मार्कच्या हान्स ख्रिश्चन ग्राम यांनी जिवाणू रंगवण्याची पद्धत प्रसिद्ध केली, तेही साल १८८४. त्या रंगाने जिवाणूंचे दोन गट पडतात आणि झँथोमोनास रंग न धरणाऱ्या गटातला आहे. या गटाच्या जिवाणूंना एकावर एक अशी दोन पटले असतात. प्रथिने बनतात ती सगळ्यांत आत. ती बाहेर पाठवायची तर दोन्ही पटले ओलांडायला हवीत, आणि पटले अशी की प्रथिनासारखा मोठा रेणू त्यांतून आपोआप पार होऊच शकत नाही. म्हणून या जिवाणूंनी बाहेर माल पाठवण्याच्या निरनिराळ्या यंत्रणा बांधल्या. शास्त्रज्ञांनी त्यांना पहिला प्रकार, दुसरा प्रकार असे क्रमांक दिले आहेत आणि यादी दहाच्या आसपास गेली आहे. बहुतेक यंत्रणा माल दाराबाहेर ठेवून मोकळ्या होतात. आपली सुई त्यावर थांबत नाही. तिच्यापुढे तिसरा अडसर आहे, भाताच्या पेशीचा, आणि तोही ओलांडून ती थेट आत पोचवते.

स्वभावाने ती काटकसरी आहे. प्रयोगशाळेत भरपूर अन्न घातलेल्या रसात हा जिवाणू वाढवला तर तो मजेत वाढतो आणि सुई जवळजवळ बांधतच नाही. सुईची जनुके, ज्यांना हर्प जनुके म्हणतात, तिथे गप्प असतात. तोच जिवाणू भाताच्या पानात, जिथे अन्न बेताचे आणि वातावरण वेगळे, तिथे गेला की त्याच्यातली दोन नियंत्रक प्रथिने जागी होतात आणि बांधकामाचा हुकूम सुटतो. वीसेक निरनिराळी प्रथिने लागतात, त्यांतली काही अनेक नगांनी. एवढा खर्च उगाच कोण करील? ही जनुके मोडून टाकलेला जिवाणू रसात पहिल्यासारखाच वाढतो, पण भाताच्या पानात सोडला तर रोग करू शकत नाही. १९८६ साली दुसऱ्या एका वनस्पती-जिवाणूवर काम करताना हर्प जनुकांचा असा गट पहिल्यांदा हाती लागला, तेव्हा ती जनुके नेमके काय बांधतात हे कोणाला ठाऊक नव्हते. एवढेच कळले होते की ती गेली की जिवाणूची सगळी धार जाते.

तिचे बांधकाम पाहण्यासारखे आहे. आधी आतल्या पटलात पाया बसतो: कड्यांच्या मधोमध माल आत घेणारे दार. वरच्या पटलात आणखी एक कडे बसते आणि दोन्ही मिळून आरपार नळी तयार होते. दाराच्या खाली, जिवाणूच्या पोटात, सहा तुकड्यांचे एक चक्र जोडले जाते. पेशीचे इंधन जाळून ते काम करते. इथपर्यंत सगळे आतून जुळवलेले असते. सुईचा बाहेरचा दांडा मात्र बाहेरून आणून लावता येत नाही. मग हे अर्धवट यंत्रच कामाला लागते. दांड्याचे सुटे प्रथिन ते आपल्या पोकळीतून वर पाठवते, ते टोकाशी जाऊन बसते, पुढचे त्याच पोकळीतून त्याच्याही पुढे जाते, आणि दांडा टोकाकडून वाढत राहतो. म्हणजे ती आपली आपणच उभी राहते. दांडा पुरेसा झाला की यंत्रातले एक प्रथिन पाठवणीचा क्रम बदलते: आता दांड्याचा माल थांबवा, टोकाशी बसून समोरच्या पटलाला भोक पाडणारी प्रथिने पाठवा. ती बसली की मगच खरा माल. हा क्रम चुकत नाही. हुकूम देणारा मेंदू नाही, बघणारा डोळा नाही, नुसते एकमेकांत बसणारे आकार आहेत आणि तरीही कामात एवढी शिस्त, याने मी प्रत्येक वेळी थक्क होतो.

माणसाला आजार देणाऱ्या जिवाणूंच्या सुया आखूड असतात, पन्नास-साठ नॅनोमीटरच्या. प्राण्याच्या पेशीला भिंत नसते, तिथे एवढे पुरते. वनस्पतीच्या पेशीभोवती सेल्युलोजची जाड भिंत असते, म्हणून वनस्पतींवरच्या जिवाणूंचा दांडा लांब आणि लवचिक असतो. जाडी सात-आठ नॅनोमीटर, लांबी मात्र काही वेळा जिवाणूच्या अंगापेक्षाही जास्त.

आता दोन नॅनोमीटरच्या भोकातून प्रथिन जाते कसे? प्रथिन ही घड्या घालून गुंडाळलेली साखळी असते आणि गुंडाळलेल्या अवस्थेत ती या भोकात मावत नाही. सुईकडे त्याची तजवीज आहे. पाठवायच्या प्रथिनाच्या सुरुवातीच्या तुकड्यात पत्ता असतो. त्याला सोबत करणारे एक मदतनीस प्रथिन त्याची घडी पक्की होऊ देत नाही आणि त्याला दारापर्यंत आणते. तिथे ते सहा तुकड्यांचे चक्र मदतनिसाला सोडवून मागे ठेवते, घडी उलगडते, आणि सुईच्या नेढ्यात धागा ओवावा तशी सरळ झालेली साखळी आत घातली जाते. पलीकडे, भाताच्या पेशीत पोचल्यावर, ती पुन्हा आपल्या घडीत बसते आणि कामाला लागते. साल्मोनेला या जिवाणूच्या सुईवर काम करणाऱ्या संशोधकांनी एकदा मुद्दाम उलगडत नाही असे प्रथिन मालाला जोडून दिले. अपेक्षेप्रमाणे ते पोकळीत अडकून बसले, आणि तशा अडकलेल्या सुईचे चित्र घेतल्यावर माल कोणत्या वाटेने जातो हे डोळ्यांना दिसले.

भाताच्या पानात ती एकटी नसते. जिवाणू आत येतो पानाच्या कडेच्या जलरंध्रांतून. रात्री भाताच्या पानाच्या टोकावर पाण्याचे थेंब जमतात ते याच रंध्रांतून आलेले असतात. थेंबात जिवाणू असला आणि थेंब पुन्हा आत ओढला गेला की जिवाणूही पानात जातो. जखमेतूनही तो येतो. आवणीच्या वेळी रोपाचे शेंडे खुडण्याची पद्धत काही ठिकाणी आहे, ती त्याच्या फार सोयीची. आत जलवाहिन्या लागतात. तिथे पाणी भरपूर, खायला फारसे काही नाही. शेजारी जिवंत पेशी आहेत आणि त्यांच्याभोवती भिंत. मग दुसऱ्या प्रकारची यंत्रणा भिंत कुरतडणारी विकरे बाहेर सोडते. इथे भात सावध होतो. आपल्या भिंतीचे तुटके तुकडे ओळखण्याची सोय भाताकडे आहे. तुकडे दिसले की पेशी भिंत जाड करू लागते, संरक्षणाची तयारी करते. म्हणजे भिंत फोडणारी यंत्रणा आपल्याच गड्याला पकडून देते.

हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेत रमेश सोंटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा डाव उलगडला. त्यांनी २००७ साली दाखवले की भिंत फोडणाऱ्या विकरांमुळे जी आरडाओरड होते ती गप्प करण्याचे काम सुई करते. सुई मोडलेला जिवाणू पानात सोडला की भाताचा बचाव जोरात उठतो. सुई आणि भिंतफोडीची यंत्रणा दोन्ही मोडली तर तो तसा उठत नाही. एक यंत्रणा घराला खिंडार पाडते आणि दुसरी घरच्यांना जागे होऊ देत नाही. पुढे याच संस्थेने गप्प करणारी चार प्रथिनेही वेगळी काढली: झॉप-एन, झॉप-क्यू, झॉप-एक्स आणि झॉप-झेड. भाताच्या आजाराचे एवढे बारीक काम आपल्या देशात झाले आहे आणि ते हैदराबादेत झाले आहे, याचा मला अभिमान वाटतो.

सुईच्या मालात आणखी एक जात आहे, टाल प्रथिनांची, आणि सुईचा खरा धाक त्यांच्यात आहे. टाल प्रथिन पेशीत पोचले की तिथे थांबत नाही. ते केंद्रकात जाते, भाताच्या डीएनएवर ठरलेली जागा शोधते, तिथे बसते आणि शेजारचे जनुक चालू करते. ते शोधते कसे, हे २००९ साली कळले. जर्मनीतल्या हाले इथला उला बोनास आणि येन्स बोख यांचा गट आणि अमेरिकेतले मॅथ्यू मॉस्कू आणि अ‍ॅडम बोगडानोव्ह, दोघांनी एकाच वेळी, एकाच नियतकालिकात ते छापले. टाल प्रथिनात चौतीस अमिनो आम्लांचा एक तुकडा पुन्हा पुन्हा येतो. प्रत्येक तुकडा जवळजवळ सारखाच, फक्त बाराव्या आणि तेराव्या जागेची दोन अमिनो आम्ले बदलतात. ती दोन आम्ले डीएनएचे एक अक्षर वाचतात. तुकड्यांचा क्रम पाहिला की ते प्रथिन भाताच्या कोणत्या ओळीवर जाऊन बसणार हे सांगता येते.

आणि ते बसते कुठे? साखरेच्या दारावर. भाताच्या पेशीत स्वीट नावाच्या गटातली जनुके आहेत. त्यांची प्रथिने पेशीतली साखर बाहेर सोडतात. झाडाला त्यांची गरज असते, दाणा भरायला, परागकण पोसायला. कडाकरप्याचा जिवाणू आपले टाल प्रथिन यांपैकी एका जनुकाच्या आधीच्या नियंत्रक पट्ट्यावर बसवतो आणि नको त्या जागी, नको त्या वेळी ते चालू होते. पेशी आपल्या हाताने साखर बाहेर टाकते, आणि शेजारच्या जलवाहिनीत जिवाणूला पंगत मिळते. ज्या पाण्यात खायला काही नव्हते तिथे मग पेल्यातल्या दुधट धारेएवढी गर्दी होते. सुईने भाताला विष दिलेले नाही. तिने भाताकडून त्याचेच काम करून घेतले, फक्त चुकीच्या पानात. लोंबीतल्या दाण्यात जायची साखर पानाच्या कडेला गेली, पान वाळले, दाणा पोचट राहिला.

तिच्या घराण्याबद्दलही सांगायला हवे. तिचा पूर्वज पोहण्याचे साधन होता. जिवाणूला पाण्यात ढकलणारी कशाभिका आणि ही सुई यांचा पाया एकाच घडणीचा आहे; कशाभिकेचा दांडाही असाच पोकळीतून माल पाठवून टोकाकडून वाढतो. पोहण्याच्या यंत्रातून टोचण्याचे यंत्र निघाले आणि मग ते जिवाणूंच्या अनेक कुळांत पसरले. डाळिंबावरच्या ज्या तेल्या रोगाने सोलापूर-नाशिकच्या बागा उजाड केल्या, त्याचा जिवाणू झँथोमोनासच आहे आणि त्याच्याकडेही सुई आहे. प्लेगच्या जिवाणूकडेही ती आहे. १८९७ च्या पुण्यात घरोघर माणसे गेली, प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांना लागण झाली आणि १० मार्चला त्या गेल्या, त्या प्लेगचा जिवाणू आपल्या आखूड सुयांनी शरीराच्या रक्षक पेशींनाच टोचतो आणि त्यांची जिवाणू गिळण्याची ताकद काढून घेतो. जिवाणू पेशीत प्रथिन टोचतो हे १९९० नंतरच्या वर्षांत सिद्ध झाले ते प्लेगच्याच एका सख्ख्या नातेवाइकावर, स्वीडनमध्ये. १९९८ मध्ये साल्मोनेलाची सुई विद्युत सूक्ष्मदर्शकाखाली स्पष्ट दिसली. शतकभर जिची फळे भोगली तिचा आकार तेव्हा समोर आला.

आता तिच्या कमजोरीकडे येतो, कारण शिनोलीच्या शेतकऱ्याला उपयोगी पडणारी गोष्ट तीच आहे.

आपल्याकडे कडाकरपा दिसला की स्ट्रेप्टोसायक्लिन आणि तांब्याचे औषध फवारायचा सल्ला वर्षानुवर्षे मिळत आला आहे. स्ट्रेप्टोसायक्लिन पिंपरीच्याच हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचे. त्यात माणसाच्या औषधातले स्ट्रेप्टोमायसिन आणि टेट्रासायक्लिन आहे. फवारणीने हा रोग भरवशाने आटोक्यात येत नाही, हे भात संशोधकांचे जुने मत आहे, आणि रोगाची चाल पाहिली की ते पटते. जिवाणू जलवाहिनीच्या आत बसलेला असतो, पाऊस वरून धुऊन नेतो, आणि कडेवर वाळलेली रेघ दिसते तोवर आतली साखर केव्हाच गेलेली असते. शिवाय ही प्रतिजैविके शेतात ओतून जिवाणूंना त्यांची सवय लावणे हा माणसांच्या आजारपणाशी खेळ आहे. केंद्र सरकारने डिसेंबर २०२१ मध्ये शेतीतल्या या वापरावर बंदीचा मसुदा काढला तो याच काळजीपोटी, आणि मला तो योग्य वाटतो.

सुई अडवायची तर ती जिथे पोचवते तिथे अडवावी लागते. तिची खोड अशी की पलीकडे काय झाले हे तिला कधीच कळत नाही. माल पोचवला की तिचे काम संपले. टाल प्रथिन तर ठरलेलीच ओळ शोधते. ती ओळ जरा बदललेली असली तर ते बसत नाही, दार उघडत नाही, साखर मिळत नाही. भाताच्या काही जातींत निसर्गतःच अशी बदललेली ओळ आहे. तिला एक्सए-१३ म्हणतात. एक्सए-५ नावाच्या दुसऱ्या जनुकात भाताच्या जनुक चालू करणाऱ्या यंत्रणेतले एकच अमिनो आम्ल बदललेले आहे. टाल प्रथिन डीएनएवर बसते, पण पुढच्या कामाला त्याला भातातला हात मिळत नाही. आणखी काही भातांत तर सापळा आहे: टाल प्रथिनाला हवी ती ओळ साखरेच्या जनुकाऐवजी पेशीला मारणाऱ्या जनुकापुढे आहे. सुई नेहमीसारखी माल पोचवते, ती पेशी तिथल्या तिथे मरते आणि तिच्याबरोबर जिवाणूची वाट बंद होते.

एक्सए-२१ ची कथा वेगळी. ते आफ्रिकेतल्या माली देशाच्या जंगली भातातून आले आणि १९९५ साली अमेरिकेत पामेला रोनाल्ड यांच्या गटाने ते वेगळे काढले. ते सुईकडे बघतच नाही. जिवाणू पहिल्या प्रकारच्या यंत्रणेतून एक लहानसे प्रथिन बाहेर सोडतो, त्याला ते दारातच ओळखते. म्हणजे सुई कितीही जपून काम करो, शेजारच्या दुसऱ्या यंत्रणेने टाकलेल्या तेवढ्या खुणेवरून जिवाणू पकडला जातो. अर्थात जिवाणूही बदलतो. त्या प्रथिनात बदल झालेले जिवाणू एक्सए-२१ च्या नजरेतून सुटतात. म्हणून एकाच जनुकावर विसंबणे धोक्याचे. हैदराबादेत सीसीएमबी आणि भात संशोधन संस्थेने मिळून एक्सए-५, एक्सए-१३ आणि एक्सए-२१ अशी तिन्ही जनुके सांबा मसुरी या भाताच्या वाणात आणली. संकर करून, प्रत्येक पिढीत जनुकाची खूण तपासून. बाहेरचे जनुक न टोचता. २००८ मध्ये तो सुधारलेला वाण शेतकऱ्यांना मिळाला. २०१९ साली तर जनुक संपादनाने स्वीट जनुकांच्या नियंत्रक पट्ट्यांतल्या त्या ओळीच बदलून दाखवल्या गेल्या, जेणेकरून आशिया आणि आफ्रिकेतल्या जिवाणूंच्या बहुतेक टाल प्रथिनांना बसायला जागा मिळू नये.

सांबा मसुरी आपल्या डोंगरपट्ट्याचा भात नाही. इथे इंद्रायणी घरोघरी शिजते. ती वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातली, आंबेमोहोराचा वास घेऊन आलेली. कडाकरप्याविरुद्धची ही तीन जनुकांची जोडणी या पाऊसपट्ट्याच्या, चवीने खाल्ल्या जाणाऱ्या भातापर्यंत आली पाहिजे आणि बियाण्याची पिशवी घेताना शेतकऱ्याने ती नाव घेऊन विचारली पाहिजे: कडाकरप्याला कोणती जनुके आहेत यात? तोवर हातातले उपाय आहेतच. रोपाचे शेंडे खुडू नयेत. रोगट खाचराचे पाणी खालच्या खाचरात सोडू नये. युरिया एकदम न टाकता हप्त्याहप्त्याने द्यावा, कारण नत्राने माजलेल्या लुसलुशीत पानात हा रोग झपाट्याने पसरतो. कापणीनंतर रोगट धसकटे आणि पेंढा खाचरातच पडू देऊ नये. जिवाणू त्यात तग धरतो आणि मृगाच्या पाण्याबरोबर नव्या रोपापर्यंत येतो.